खात्याचे वय आणि ऋणकोची पत

भिवंडीच्या यंत्रमाग-व्यवसायाचा मोठा भाग मजुरीवर चालत आला आहे. सूत व्यापाऱ्याचे, माग मागवाल्याचे आणि हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत, अशी ही रचना होय. अशा व्यवहारात वहीतील नाव किती जुने, यावर पत बरीचशी अवलंबून असते. क्रेडिट कार्डाच्या संदर्भात आज ज्यास खात्याचे वय म्हणतात ती कल्पना, म्हणजे, येथे अपरिचित नाही. बदलला आहे तो त्या वयाचा साक्षीदार.

हे वय कोण लिहितो आणि कोण पुसतो, हा प्रश्न मुंबई इलाख्यात सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो दख्खनमध्ये. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परिणाम विपरीत झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुदलात मिळवी, आणि जुना कागद निकालात निघे. वीस वर्षांचे खाते अशा रीतीने कागदावर दोन-तीन वर्षांचे ठरे. मधल्या काळात कुळाने किती फेडले याचा मागमूसही त्यात उरत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. पुढे तो ज्या गावांत पसरला तेथे जमावाचा रोख मुख्यतः सावकाराच्या कागदांवर राहिला. कुळाची फेड ज्या कागदात नोंदलेलीच नव्हती, तो जळाल्याने त्याचे फारसे काही गेले नाही!

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याचे मर्म येथे आहे. रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, असे बंधन त्याने न्यायालयावर घातले. दाव्याची मुदतही नोंदणीकृत दस्तास बारा व इतरांस सहा वर्षे केली. कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. भिवंडी ज्यात मोडते तो ठाणे जिल्हा त्यांत नव्हता.

आजचा साक्षीदार म्हणजे पतमाहिती कंपनी. अशी पहिली संस्था, सिबिल, २००० साली स्थापन झाली. त्यासंबंधीचा कायदा २००५ चा. ३०० ते ९०० या गुणांकात खात्याच्या वयास स्थान आहे, जरी नियमित परतफेडीचे वजन त्याहून अधिक. कर्जखाते फेडीबरोबर संपते. कार्डाचे खाते मात्र वापरात राहिल्यास दशकानुदशके वाढते. म्हणून सर्वांत जुने कार्ड बंद करणे अनेकदा अविचाराचे ठरते. ते नुसते कपाटात ठेवणेही पुरेसे नाही: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड धारकास कळवून, तीस दिवसांत उत्तर न आल्यास, बंद करावयाचे असते.

सुताचा व्यापारी मात्र या कायद्याच्या अर्थाने पतसंस्था नव्हे. त्याची वही पतमाहिती कंपनीपर्यंत पोहोचत नाही. तीस वर्षे उधारी चोख फेडणारा मागवाला बँकेपुढे नवखाच ठरू शकतो, आणि दोन वर्षांपूर्वी कार्ड घेतलेला नोकरदार त्याच्यापेक्षा जुना. पेढीवर बापाच्या नावाचे जुनेपण मुलाच्याही उपयोगी पडते. कार्डाच्या खात्याचे वय वारशाने मिळत नाही. मुलाच्या खात्याची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते.