फिट आली, म्हणजे ऑपरेशन फसलं?

‘डोकं उघडलं, तरी फिट आलीच ना? मग फसलं ऑपरेशन.’ अपस्मारावर शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या खाटेशी हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते चुकीचं वाटतं.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही, हे आधी मान्य करतो. पहिल्या आठवड्यात फिट आलेल्या मुलांपैकी पुढेही फिट राहणारी मुलं तुलनेनं जास्त निघतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. फिट हुबेहूब जुन्या वळणाची असेल तर चिंता अधिक. म्हणूनच ‘सुरुवातीची फिट धरायचीच नाही’ अशी समजूत घालणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पण शंका म्हणजे निकाल नव्हे.

चौथ्या दिवशी पहाटे पोराच्या ओठाचा डावा कोपरा उडू लागतो. आई थरथरत्या हातानं मोबाइल धरते. अशा वेळी जाणती नर्स आधी रक्त काढायला बघते, कारण सोडियम 135च्या बरंच खाली घसरलं, तरी फिट येते. ताप, सूज, सांडलेलं रक्त, रात्री उलटीतून पडलेली गोळी, यांतलं काहीही पुरतं. ती फिट ताज्या जखमेची असू शकते. कापून काढलेल्या जागेबद्दल ती काही सांगेलच असं नाही.

निकाल मोजणारेही घाई करत नाहीत. एंगेल यांच्या वर्गवारीत सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या फिट वगळतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या 2001च्या पद्धतीत पहिला महिना. दिल्लीच्या एम्सनं 2017 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत औषधांना न बधणारा अपस्मार असलेली 116 मुलं होती. त्यांचा हिशेब वर्षानं मांडला: शस्त्रक्रिया झालेल्यांत 77 टक्के फिटमुक्त, नुसत्या औषधांवर 7 टक्के. चौथ्या दिवशी नव्हे, बाराव्या महिन्यात.

‘फसलं’ या शब्दाचा खरा तोटा घरी गेल्यावर कळतो. हताश बाप म्हणतो, आता गोळ्या तरी कशाला? आणि एकदम गोळ्या सोडल्या की फिटचं सत्र सुरू होऊ शकतं. त्यापेक्षा वहीत लिहावं: जुनीच होती की वेगळी, किती मिनिटं चालली, गोळी पोटात राहिली होती का. पाच मिनिटं उलटली, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट गाडी काढावी.