शीर, नस आणि आजोबांचा फॉर्म

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. पाठोपाठ दोन रिलीज होते, वीकेंड असे उरलेच नव्हते. मधे मात्र दोन दिवस जळगावला घरी जाऊन आलो, आणि तिथून जो विषय डोक्यात बसला तो आज इथे उतरवतो.

रात्री कुणाच्या पायात गोळा आला की आमची आजी म्हणते, "शिरेवर शीर चढली." मान आखडली तर शीर दबली. बोट कापलं तर नस कापली. म्हणजे रक्तवाहिनी काय नि मज्जातंतू काय, आमच्या घरी सगळी एकच वायरिंग! चार वर्षं इंजिनिअरिंग करून माझंही ज्ञान तेवढंच होतं.

माझी मामेबहीण धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिने जेवताजेवता (हो, भरीत-भाकरी खाताना) फरक सांगितला. रक्तवाहिनी आतून पोकळ असते. मज्जातंतू भरीव, पांढुरका, दोरीसारखा. मांडीच्या मागून जाणारी सायटिकाची नस शरीरातली सगळ्यात जाड, सुरुवातीला जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१. आणि मेंदू? ताजा मेंदू म्हणे नुकत्याच लागलेल्या दह्यासारखा असतो, बोट लावलं तरी खचेल असा. म्हणून आधी तो काही आठवडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. तोही तळाशी टेकवून नाही, कारण त्याचा आकार चपटा होतो. तळच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून उलटा टांगतात. मगच तो सुरीने कापता येतो.

मी तिला विचारलं, "मग फॉर्मॅलिन नव्हतं तेव्हा लोक काय करायचे?" तिला परीक्षेत हा प्रश्न नव्हता. मला मात्र तो दोन वीकेंड पुरला.

सुश्रुतसंहितेत शवविच्छेदनाची कृती दिली आहे. देह गवताने वगैरे गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा, आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर खरवडत बघत जायचं. त्या काळाच्या मानाने भन्नाट पद्धत! हाडं, सांधे, स्नायू यांच्यासाठी ती चालून जाते. पण सात दिवस पाण्यात राहिल्यावर दह्यासारख्या मेंदूचं काय होत असेल, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

युरोपातही अडचण हीच होती. १६६४ साली ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने मेंदूच्या रचनेवर ग्रंथ काढला. त्याने मेंदू कवटीतून अख्खा बाहेर काढला, मद्यार्कात ठेवून घट्ट केला आणि तळाकडून तपासला. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही त्याचंच नाव आहे. या ग्रंथासाठी चित्रं काढणारा क्रिस्टोफर रेन म्हणजे पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथिड्रल बांधणारा वास्तुविशारद. डॉक्युमेंटेशनला असा माणूस मिळायला नशीब लागतं!

फॉर्मॅलिन आलं ते १८९३ मध्ये, आणि तेही बाजूच्या वाटेने. फ्रँकफर्टचा फर्डिनांड ब्लुम ते जंतुनाशक म्हणून तपासत होता. काम करता करता आपल्याच बोटांची कातडी कडक झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्या कडक बोटांमुळे आज धुळ्यात, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा, पोरं मेंदू हातात धरून अभ्यास करू शकतात.

इथवर ही गोष्ट रसायनाची. पण टेबलावरचा तो माणूस कोण, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचा इतिहास तितका गमतीचा नाही.

इंग्लंडमध्ये १७५२ च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनाला मिळू लागले. ते पुरेनात, म्हणून थडगी उकरली जाऊ लागली. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी त्याही पुढची पायरी गाठली. त्यांनी १६ माणसं मारली आणि त्यांचे देह शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरला विकले. त्यानंतर १८३२ चा अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आला. चोरी थांबली, पण आता देह येऊ लागले गरिबांच्या आश्रयगृहांतून.

आपल्याकडे १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी विच्छेदन केलं आणि जातीच्या कल्पनांना धक्का दिला. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. १८५१ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पण देह कुणाचे घ्यायचे, याचं आपलं उत्तरही शेवटी इंग्लंडसारखंच निघालं. १९४९ च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने बेवारस मृतदेह वैद्यकीय संस्थांना देण्याची सोय केली. हक्क सांगायला कुणी आलं नाही, हीच त्यांची संमती. पुस्तकातला नसांचा तो सुंदर नकाशा मोठ्या प्रमाणावर अशा माणसांच्या देहावरून शिकला गेला, ज्यांना कुणी विचारलंच नाही.

हे बदलायचा मार्ग एकच, आपण होऊन देणं. २०१० च्या जानेवारीत ज्योती बसू गेले आणि फेब्रुवारीत नानाजी देशमुख, आपल्या हिंगोलीच्या कडोळीचे. राजकारणात दोघं दोन टोकांना. पण एकाचा देह कोलकात्याच्या सरकारी हॉस्पिटलला गेला आणि दुसऱ्याचा दिल्लीच्या एम्सला.

आता आमच्या घरातलं. (हा परिच्छेद तीनदा डिलीट केलाय.)

आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २००८ मध्ये त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला. जळगावचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं २०१८ मध्ये, म्हणून तेव्हा ते एसटीने एरंडोल, पारोळा करत ९० किलोमीटरवर धुळ्याला गेले होते. गेल्या मे महिन्यात पहाटे ते गेले. फॉर्म कपाटात एलआयसीच्या फायलीत होता आणि तो मला सापडलाही. पण फॉर्म म्हणजे फक्त इच्छा असते. देह सोपवायचा असतो घरच्यांनी, आणि तोही काही तासांतच. काका म्हणाले, "मग दहावं-तेरावं कसलं करायचं?" आत्या सुरतहून निघाली होती, ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. ती आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. संध्याकाळी आम्ही त्यांना स्मशानात नेलं. फॉर्म माझ्या शर्टाच्या खिशात होता आणि मी दिवसभर एकदाही तो बाहेर काढला नाही. इतर कुणाला दोष द्यायला जागाच नाही.

या वेळी जाताना मी माझा स्वतःचा फॉर्म घेऊन गेलो. त्यावर दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात. बाबांनी काही न बोलता सही केली. आजी कागद बराच वेळ हातात धरून बसली. मग मामेबहिणीला म्हणाली, "चिरल्यावर शिरेवर शीर चढलेली दिसते का गं?" ती म्हणाली, "आजी, शिरेवर शीर चढतच नाही. तो स्नायू आखडलेला असतो." आजीला ते काही पटलं नाही.

पण तिने सही केली. आणि मी कागद परत एलआयसीच्या फायलीत ठेवायला निघालो तर म्हणाली, "तिथे नको. देवघराच्या खणात ठेव. सगळ्यांना दिसला पाहिजे."