अर्धशिशी आणि उगवतीचे औषध

ग्रीक वैद्यांच्या ‘हेमिक्रेनिया’चा, म्हणजे अर्ध्या कवटीच्या दुखण्याचा, युरोपात झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला, तशीच आपल्याकडे ‘अर्धशीर्षा’ची अर्धशिशी झाली. सुश्रुताने शिरोरोग 11 मानले असून त्यांत अर्धे मस्तक भेदणारा अर्धावभेदक निराळा आणि सूर्याबरोबर चढून, माध्यान्ही असह्य होऊन, दिवस कलता उतरणारा सूर्यावर्त निराळा. परंतु लोकव्यवहाराने ही शास्त्रीय वाटणी रद्द करून दोघांनाही अर्धशिशीच्याच दप्तरी जमा केले.

या सरमिसळीतूनच आपल्या घरगुती इलाजांना त्यांची वेळ लाभली. दुखणे सूर्याचे ताबेदार, तेव्हा सूर्याच्या आधी उठून त्याला गाठावे, या तर्काने पहाटेच्या अंधारात रोग्याला दूध-जिलेबी खाऊ घालीत, नाकात साजूक तुपाचे थेंब सोडीत, आणि सहाणेवर सुंठ उगाळून कपाळभर लेप देत. हा लेप आधी झोंबतो, मग वाळू लागला की कातडी आवळतो, आणि भुवई उचलताच त्याच्या खपल्या उशीवर पडतात. माजघराच्या अंधारात डोक्याला फडके करकचून बांधून निजलेल्या बाईला त्या झोंबण्याचाच काय तो आधार. सुश्रुताने भुवया, ललाट व शंखप्रदेश येथे डाग देण्यासही सांगितले आहे. त्यापुढे सुंठ सौम्यच म्हणायची! ज्या दुखण्याची मुदत बहुधा आपसूक भरते, त्याच्या उताऱ्याचे श्रेय शेवटच्या उपायाच्या पदरात पडते, हे मात्र आमच्या आज्या कबूल करीत नसत.

पुढे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी औषधींची माहिती छापून घरोघर नेली, पण सहाणेचा अंमल उठविला तो निराळ्याच वस्तूने. काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्र गृहस्थाने 1893 साली मुंबईत ‘अमृतांजन’ काढले, आणि आपल्या मलमाच्या बाटल्या तो गाण्याच्या जलशांतून फुकट वाटीत असे, असे सांगतात. कापूर आणि पुदिन्याचे सत्त्व यांचा तो पिवळा लेप उगाळावा लागत नव्हता आणि त्याला पहाटेची अट नव्हती. दुपारी कचेरीत बसल्या बसल्या बोटभर चोळता येई. नोकरदार मुंबईला असेच औषध हवे होते.

सुंठ वाण्याकडे आजही मिळते, पण गिऱ्हाईक ती चहाच्या मसाल्यासाठी मागते. आणि सहाण देवघरात गंधापुरती उरली आहे.