पणज्याची एक ओळ

माहूरला इतिहास नाही असं कुणी म्हणणार नाही. १६६१ साली उंबरखिंडीत मोगलांच्या बाजूनं आलेली रायबागन माहूरच्याच देशमुखीची. तिचं नाव सापडतं. तिच्या घोड्यांना वैरण कुणी टाकली, गडावर मोळ्या कुणी वाहिल्या, ते सापडत नाही. आपण त्यातले.

साथींनो, मी पणज्याला शोधायला निघालो ते हौसेनं नाही. गिरणीतल्या माणसाला हौस कसली! बहिणीच्या जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागितला. जी जात आपल्या लोकांनी १९५६ साली नागपुरात टाकली, ती आधी कागदावर दाखवा म्हणे. आजा शाळेत गेला नाही, मग रजिस्टरात नाव कुठून येणार? शेत नाही, म्हणून पाहणी पत्रकात नाही. अन् घरातले कागद? १९७८ ला नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात आपली घरं जाळली, तवा माणसं वाचवायची का कागदं?

आजीकडून कळलेलं एवढंच : मानमोडीत त्याची माय गेली तवा तो रांगत होता. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ.

कामाला आलं ते कोतवाल बुक, गावच्या जन्म-मृत्यूची वही. लिपी मोडी, सन फसली. निजामी फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं. आडनाव शोधू नका, नसतंच. नावाच्या शेवटी 'या', बापाच्या नावालाही 'या', मध्ये 'वल्द'. जात कुठं महार, कुठं धेड. शिवाय माहूर ज्या किनवट तालुक्यात होतं तो १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणून जुनं दप्तर नांदेडलाच असेल असं धरू नका. वाट हैदराबादच्या पुराभिलेखागारापर्यंत जाते, अन् तिथं उर्दू वाचणारा सोबत लागतो.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी निजामकाळचं दप्तर उघडलं गेलं. बरं झालं. त्याच पानांवर दोन ओळी खाली आपलीही माणसं आहेत. ती वाचायला आपल्यालाच जावं लागेल.

पणजा सापडला. फसली १३५२, म्हणजे १९४२-४३. नाव, वल्द, महार, पुरुष, वय पंचवीस, ताप. पंचवीस! माझ्याएवढाच की. गावात कुणी मेलं की कोसकोस सांगावा घेऊन महारच पळायचा. ह्याचा सांगावा कुणी नेला असेल? वहीत त्याला रकाना नाही.

मोडी जाणणाऱ्यानं ती ओळ देवनागरीत उतरवून दिली. बापानं कागद हातात धरला अन् म्हणाला, "माझ्या बापाला त्याचं तोंड बी आठवत नव्हतं." एक प्रत वंशावळीच्या शपथपत्राला जोडली.

आता पणजीला शोधतोय. बायांच्या नोंदीत 'जौजे' म्हणून नवऱ्याचं नाव असतं, तेव्हा पणज्याचं नाव मोडीत कसं दिसतं ते आधी गिरवून घेतलंय.