एअर पिस्तूल : निवडीतील शक्ती व अचूकता

एअर पिस्तूल म्हणजे दाबलेल्या हवेच्या अथवा वायूच्या जोरावर शिशाचा छर्रा फेकणारे, दारूचा उपयोग न करणारे व एका हाताने पेलता येण्याजोगे शस्त्र. त्याच्या नळीस आतून पेचदार खाचा असतात, छर्ऱ्याचा व्यास प्रायः ४.५ मिमी. असतो आणि कागदी लक्ष्यावरील नेमबाजी हा त्याचा मुख्य उपयोग होय. ते विकत घेताना नवखा ग्राहक पहिला प्रश्न बहुधा त्याच्या जोराविषयी विचारतो. वेष्टनावर छापलेला वेगाचा आकडा जितका मोठा तितके शस्त्र सरस, असा समज बाजारात रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत या समजाची छाननी केली आहे. कारण लक्ष्यापर्यंत पोहोचून कागदास स्वच्छ भोक पाडण्यास जेवढी शक्ती पुरते, तिच्यापलीकडे जी शक्ती हौसेने घेतली जाते, तिच्यासाठी नेमबाजाला बहुतेक वेळा अचूकतेवर पाणी सोडावे लागते.

शक्तीचे मापन. छर्रा नळीतून बाहेर पडताना त्याच्या ठायी असलेली गतिज ऊर्जा जूल या एककात सांगतात. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला १५० मी. वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे ५.६ जूल भरते, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरली जाणारी उत्तमोत्तम पिस्तुले याच सुमाराची असतात. ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनी पिस्तुलांसाठी ६ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ८.१ जूल, ही मर्यादा घालून दिली व रायफलींना तिच्या दुप्पट मुभा दिली. जर्मनीत विनापरवाना शस्त्रांसाठी ७.५ जुलांची मर्यादा आहे. भारतात २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणे २० जुलांपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिमी.हून मोठ्या व्यासाच्या हवाई शस्त्रांस परवाना लागतो. स्पर्धेचे पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळच आत राहते. वेष्टनावरील वेगाबाबत एक खबरदारी अवश्य घ्यावी. हा वेग पुष्कळदा शिसेविरहित हलक्या मिश्रधातूचा छर्रा वापरून मोजलेला असतो. तोच नेहमीच्या शिशाच्या छर्ऱ्याने मोजल्यास आकडा बराच खाली येतो. सबब दोन पिस्तुलांची तुलना करावयाची तर ती वेगाने न करता ऊर्जेने करावी, आणि ती कोणत्या वजनाच्या छर्ऱ्याने मोजली याची खातरजमा करून घ्यावी.

स्प्रिंगची पिस्तुले. शक्ती आणि अचूकता यांचा कलह सर्वांत उघडपणे दिसतो तो या प्रकारात. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने १९२४ मध्ये बाजारात आणलेल्या पिस्तुलापासून आजच्या वाइराउख एचडब्ल्यू ४५ पर्यंत या प्रकाराची परंपरा अखंड आहे. तरफ ओढून पोलादी स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढताच ती सुटून दट्ट्याला ढकलते, आणि दट्ट्यापुढची हवा दाबली जाऊन छर्ऱ्याला रेटा देते. आता दट्ट्या ज्या क्षणी धावू लागतो त्या क्षणी पिस्तूल विरुद्ध दिशेला सरकते, आणि दाबलेल्या हवेवर दट्ट्या अडतो त्या क्षणी उलट दिशेचा दुसरा हिसका बसतो. हे दोन्ही धक्के छर्रा नळीतून निसटण्याच्या सुमारासच घडत असल्याने, हाताची पकड यत्किंचितही बदलली तरी नळीचे तोंड प्रत्येक वेळी निराळ्या जागी असते. रायफल खांद्याला टेकलेली असते व तिचे वजनही तीन-चार किलो असते, त्यामुळे ती हा आघात पचविते. किलो-सव्वा किलोच्या पिस्तुलाला व लांब पसरलेल्या एकाकी हाताला ते साधत नाही. स्प्रिंग जितकी जबर, तितका हा दोष अधिक.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे, व प्रस्तुत लेखकाच्या मते तो अधिक घातक आहे. ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा भार चापाच्या अडणीवर पडतो. भार मोठा असला की ती अडण निसटू नये म्हणून खोलवर गुंतवावी लागते, आणि खोल गुंतलेली अडण सोडवायला बोटाला जोर करावा लागतो. चाप जड होतो, खरखरतो, आणि नेमका कोणत्या क्षणी सुटेल याचा भरवसा उरत नाही. बोटाच्या त्या जोराने अख्खे मनगट हलते. म्हणजे जबर स्प्रिंग छर्रा सुटण्याच्या आधीच नेम बिघडवते, धक्का तर पुढची गोष्ट झाली. शिवाय दर वेळी तरफ ओढण्याचा श्रम निराळाच. साठ बारांच्या स्पर्धेत हात प्रत्येक बारानंतर असा राबविल्यास अखेरच्या दहा बारांत तो कापू लागल्याविना राहत नाही. एचडब्ल्यू ४५ या पिस्तुलात तरफ अर्धवट किंवा पूर्ण ओढून शक्तीच्या दोन पायऱ्या घेता येतात. ज्याच्यापाशी ते असेल त्याने दहा मीटरांवर दोन्ही पायऱ्यांचे पाच-पाच बार एकाच बैठकीत कागदावर टाकून पाहावेत. या विषयावर त्याहून चांगला धडा नाही.

धक्क्याचा दोष स्प्रिंगच्या पद्धतीतच राहून दूर करण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न नेकार नदीकाठच्या ओबरंडॉर्फ येथील फाइनवेर्कबाऊ या जर्मन कारखान्याने १९६५ मध्ये केला. त्यांच्या ‘६५’ क्रमांकाच्या पिस्तुलात चाप सुटताच नळी व दट्ट्याचा भाग मिळून रुळांवरून मागे घसरतो व मूठ जागच्या जागी राहते, त्यामुळे धक्का हाताला जवळजवळ जाणवतच नाही. वेग माफक असूनही हे पिस्तूल कित्येक वर्षे स्पर्धांत अग्रस्थानी होते, हा इतिहास शक्तीच्या चाहत्यांनी जमेस धरावा असा आहे. जाता जाता नमूद करण्याजोगी गोष्ट अशी, की १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी शॉन कॉनरी यांच्या हाती जे लांब नळीचे पिस्तूल दिले होते, ते वाल्थर एलपी ५३ हे अल्पशक्तीचे, लक्ष्यावर नेमबाजी करण्याचे एअर पिस्तूल होते.

हवेची व वायूची पिस्तुले. एकाच दाबात हवा भरणाऱ्या पिस्तुलांत तरफ एकदा उघडून मिटली की ठरावीक हवा कोंडली जाते, आणि चाप केवळ लहानशी झडप उघडतो. स्प्रिंगचा भार नसल्याने चाप हलका ठेवता येतो, धावता दट्ट्या नसल्याने धक्का नाममात्र असतो, आणि प्रत्येक वेळी हवेचे माप तेच असल्याने वेगही जवळजवळ तोच राहतो. या पद्धतीत शक्ती फारशी वाढविता येत नाही; तेच तिचे वैगुण्य आणि, नेमबाजाच्या दृष्टीने, तेच तिचे भाग्य. रशियातील इझेव्हस्क येथील आयझेडएच ४६ हे या जातीचे साधे, टिकाऊ पिस्तूल जगभरच्या नवशिक्यांनी वापरले आहे.

कार्बन डाय-ऑक्साइडच्या पिस्तुलांत सोय मोठी असली तरी त्यांची शक्ती हवामानाच्या मर्जीवर असते. नळकांड्यातील द्रवरूप वायूचा दाब २० अंश सेल्सियसला सुमारे ५७ बार, तर ३० अंशांना सुमारे ७२ बार असतो, आणि ३१ अंशांपलीकडे तो वायू द्रवरूपात राहतच नाही. युरोपातील हिवाळ्याच्या सकाळी मंदावणारे हे पिस्तूल नागपूरच्या वैशाखात भलत्याच जोराने उडते. उलट लागोपाठ बार केल्यास नळकांडे गार पडून वेग घटतो. म्हणून स्पर्धांतून या वायूचे जवळजवळ उच्चाटन झाले असून त्याची जागा सुमारे २०० बार दाबाने भरलेल्या हवेच्या नळकांड्याने घेतली आहे. मोरिनी, स्टायर, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर यांची आजची पिस्तुले याच पद्धतीची आहेत. एवढा प्रचंड साठा हाताशी असूनही त्यांचे निर्माते ऊर्जा सहा जुलांच्या आसपासच ठेवतात, आणि उरलेली सर्व बुद्धी दाब समान राखणाऱ्या झडपेवर, चापावर व मुठीवर खर्च करतात. ज्यांना शक्ती वाढविणे सहज शक्य होते त्यांनी ती वाढविली नाही, याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

लक्ष्य व नेम. दहा मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिमी. व्यासाचे असते व पुढचे प्रत्येक वर्तुळ १६ मिमी.ने मोठे होत जाते. सेकंदाला १५० मी. वेगाचा छर्रा तेथवर जाताना सुमारे २२ मिमी. खाली येतो, १२० मी. वेगाचा सुमारे ३४ मिमी.; पण हा फरक मागच्या खाचेचा स्क्रू एकदा फिरविला की कायमचा मिटतो. वेगात दर बारास तीन मीटरांची तफावत पडली तरी छर्रा जेमतेम एक मिलिमीटर वरखाली होतो. आता नेमातील चूक पाहावी. पुढची माशी व मागची खाच यांत ३० सेंमी. अंतर असलेल्या पिस्तुलात माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर छर्रा लक्ष्यावर सुमारे ३३ मिमी. ढळतो, म्हणजे दहाच्या जागी सहा गुण मिळतात. हेच अंतर १५ सेंमी. असलेल्या आखूड, ‘जोरदार’ पिस्तुलात तो ६६ मिमी. ढळून गुण दोनवर येतात. वेगाचा कोणताही आकडा ही हानी भरून काढीत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत वजन १,५०० ग्रॅमपेक्षा अधिक नको, चापाचा भार ५०० ग्रॅमपेक्षा कमी नको, पिस्तूल ४२ × २० × ५ सेंमी.च्या पेटीत मावले पाहिजे, असा काटेकोर तपशील आहे. छर्रा अमुक जोराने गेला पाहिजे, अशी अट मात्र नाही.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. पुरुषांच्या साठ बारांत सोव्हिएत संघाच्या सर्गेई पिझ्यानोव्ह यांनी १९८९ मध्ये म्यूनिक येथे ६०० पैकी ५९३ गुण मिळविले, आणि तो विक्रम एका गुणाने पुढे नेण्यास दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ यांना २००९ साल उजाडावे लागले. दरम्यानच्या वीस वर्षांत पिस्तुलांची यंत्ररचना पालटली, त्यांची शक्ती मात्र होती तिथेच राहिली. पॅरिस येथे २०२४ मध्ये मनू भाकर यांनी या प्रकारात कांस्यपदक मिळविले. पात्रता फेरीत त्यांचे गुण ५८० होते.

शक्तीची बाजू. तथापि शक्ती सर्वस्वी निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेगवान छर्रा नळीत कमी वेळ रेंगाळतो, त्यामुळे चाप ओढल्यानंतर हात हलल्याचा परिणाम किंचित कमी होतो. अगदी मंद पिस्तूल बार झाल्यावरही हात स्थिर ठेवण्याची अधिक कठोर शिस्त मागते. उघड्या मैदानात, वाऱ्यात, पंचवीस-तीस मीटरांवरच्या धातूच्या आकृत्या पाडावयाच्या असल्या तर चार जुलांचे पिस्तूल दुबळे पडते. शिकारीचा प्रश्न मात्र येथे उद्भवत नाही. पिस्तुलाच्या ऊर्जेने जनावर तत्काळ न मरता जखमी होऊन तडफडते, आणि भारतात बहुतेक वन्य पशुपक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे.

निवड. शिकाऊ नेमबाजाने एकाच दाबात हवा भरणारे पिस्तूल घ्यावे, ऐपत असल्यास दाबलेल्या हवेच्या नळकांड्याचे. स्प्रिंगचे घ्यावयाचे तर सौम्य स्प्रिंगचे. दुकानात पिस्तूल हाती घेऊन, डोळे मिटून, हात लक्ष्याकडे लांबवावा व डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्याशी आपोआप आलेली दिसली तर मूठ हाताजोगी आहे असे समजावे. गुळगुळीत नळीतून पोलादी गोळ्या उडविणारी, लष्करी पिस्तुलांची नक्कल केलेली खेळणीवजा शस्त्रे लक्ष्यवेधास निकामी असतात. छर्रे सपाट डोक्याचे असावेत, त्यांनी कागदावर कातरल्यासारखे गोल भोक पडून गुण निर्विवाद मोजता येतात, ४.४८, ४.४९, ४.५० मिमी. असे डोक्याच्या मापांचे निरनिराळे डबे आणून, पिस्तूल शिकंज्यात पक्के बसवून, आपल्या नळीला कोणते मानवतात ते पाहून ठेवावे. लक्ष्यामागे छर्रे अडविणारी पोलादी पेटी तिरक्या पत्र्याची असावी, आणि पोलादी गोळ्या तिच्यावर कधीही झाडू नयेत, कारण त्या सपाट न होता उसळून परत येतात; दोन-तीन जुलांचा छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो, म्हणून नेमबाजाने व शेजारी उभ्या असणाऱ्याने संरक्षक चष्मा घातल्याखेरीज बार करू नये.