लोणारचं पाणी मोजणाऱ्या आयसीचं कूळ

लोणारच्या विवरातलं पाणी नुसतं खारट नाही, सोड्याचंही आहे. पीएच साधारण १०. त्यात काचेचा इलेक्ट्रोड बुडवला की पीएचच्या एका अंकामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे ७ पासून १० पर्यंत साधारण १७७. दाब बरा आहे, पण काचेचा रोध १०० मेगओहमच्या घरात. मोजणाऱ्याने जरासा करंट ओढला की दाब कोसळलाच.

हे कोडं नीट सुटलं ते लिंबाच्या रसापायी. १९३४ साली कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या संघटनेतला एक रसायनज्ञ आर्नोल्ड बेकमनकडे गेला. रसाची आम्लता मोजायला गॅल्व्हानोमीटर अपुरा पडत होता आणि काच वारंवार फुटत होती. बेकमनने दोन व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर बांधून दिला. बाजारातला पीएच मीटर त्यातूनच आला.

कुळाची दुसरी शाखा टेलिफोनची. लांबच्या तारेवर एकामागून एक अॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येकाचं डिस्टॉर्शन पुढच्यात साचत जाई. २ ऑगस्ट १९२७ला टेलिफोन अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीतून कामाला निघाला असताना त्याला उपाय सुचला: गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढवा आणि बाहेर पडलेल्यातला थोडा भाग उलटा करून आत घाला. वाढ घटते, डिस्टॉर्शनही घटतं. हे त्याने हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सवरच खरडलं.

ब्लॅकची ही युक्ती पुढे ऑप-अॅम्पच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या आयसीच्या, जवळजवळ प्रत्येक वापरात मुरली. १९६८ साली ७४१ हा ऑप-अॅम्प आला, आणि आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगवहीत तो जाऊन बसला तो बसलाच.

पीएचसाठी ऑप-अॅम्प निवडायला डेटाशीट चाळताना घोळ होतो तो इथे. कमी डिस्टॉर्शनसाठी एनई५५३४ नावाजलेला; ऑडिओवाल्यांचा तो लाडका. पण त्याचा बायस करंट, म्हणजे त्याच्या इनपुटला लागणारा करंट, सुमारे ५०० नॅनोअँपिअर. तो १०० मेगओहममधून गेला तर हिशोबाने ५० व्होल्ट! मीटर सरळ टोकाला जाऊन चिकटेल. ७४१चे ८० नॅनोअँपिअर धरले तरी ८ व्होल्ट होतात. जेफेट इनपुटच्या टीएल०८१चा करंट ३० पिकोअँपिअर, म्हणजे चूक ३ मिलिव्होल्टची. मात्र तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा करंट दुप्पट होतो, आणि बुलढाण्याच्या उन्हात ठेवलेला डबा किती तापतो हे सांगायला नको. एलएमसी६००१चा करंट २५ अंशाला फार तर २५ फेम्टोअँपिअर. तिथे चूक मायक्रोव्होल्टात जाते.

मग ५५३४ टाकाऊ का? मुळीच नाही. याच तळ्याची विद्युतवाहकता पाण्यात एसी करंट सोडून मोजतात, खाऱ्या पाण्याचा रोध कमी असतो, आणि तिथे त्याचा बायस करंट बोचत नाही. स्वच्छ साइन वेव्ह काढायला तो उत्तमच. म्हणून माझ्या मते आधी उगमाचा रोध पाहावा, मग बायस करंट आणि डिस्टॉर्शन त्यानंतर.

एक गोष्ट मात्र कुठलाही आयसी सुधारू शकत नाही. पीएच चढा आणि पाण्यात सोडियम मुबलक, अशा ठिकाणी साधी काच सोडियमलाच हायड्रोजन समजते आणि पीएच कमी दाखवते. लोणारला जाताना चढ्या पीएचसाठीचा इलेक्ट्रोड घ्या, आणि १०च्या बफरवर कॅलिब्रेट करूनच पाण्यात घाला.