पाण्याच्या पहाऱ्यातले रान

बोरिवली स्थानकातून पूर्वेला उतरून महामार्ग ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांत माणूस राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पोचतो. आत सडक आहे, दहिसर नदी आहे, कान्हेरीला जाणारी बस आहे. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना झेपतील अशा सोप्या वाटाही भरपूर. पावसाळ्यात शिलोंड्याच्या ओढ्याकाठच्या वाटेवर चालणाऱ्यांना साग, पळस, कारवी आणि पायाखालचा लाल चिखल पाहून वाटते की शहर वाढत वाढत येथवर आले आणि सुदैवाने थांबले, पूर्वीचे रान तेवढे उरले. ही समजूत गोड आहे आणि बरीचशी चुकीची आहे. हे रान उरलेले नाही, राखलेले आहे. आणि ते राखले गेले ते झाडांसाठी किंवा बिबट्यांसाठी नव्हे, तर गिरगाव-भायखळ्याच्या नळाला पाणी यावे म्हणून. उद्यानाच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. गंमत अशी, की ज्यांच्यामुळे ही पायवाट शिल्लक आहे, त्या तलावांच्या काठाने मुक्तपणे हिंडायला मिळत नाही. तेथे महापालिकेचा पहारा आहे. टेकडीच्या माथ्यावरून लांबूनच ते चकाकताना दिसतात.

कान्हेरीचे नाव घेऊन कोणी लगेच म्हणेल की हे रान तर दोन हजार वर्षांचे आहे, त्यात नळाचा काय संबंध? पण कान्हेरीची साक्ष नीट ऐकली तर ती उलट बाजूची निघते. शंभराहून अधिक लेणी असलेली ही जागा निर्जन अरण्यातली कधीच नव्हती. सोपारा आणि कल्याण ही दोन गजबजलेली बंदरे जवळ होती, व्यापाऱ्यांची दाने येत होती, आणि लेखांत विहाराला दिलेल्या शेतजमिनीही नोंदल्या आहेत. त्यांतले मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे जेथे आज बेस्टचे आगार आहे, तेथली शेती भिक्खूंच्या चुलीला धान्य पुरवत होती. आणि पाणी? जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले टाके आहे. वरच्या कातळावर बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून ओघळत टाक्यात उतरते. लेखांतला शब्द आहे ‘पोढी’. असे एक टाके वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीच्या लेखात येते. ती महाक्षत्रपाची मुलगी, आणि टाके खोदवले ते सतेरक नावाच्या अमात्याने. राजघराण्याशी संबंधित दान म्हणून पाण्याचे टाके नोंदवावेसे वाटले, यावरूनच कळते की या डोंगरावर पाण्याची किंमत काय होती. रानाची कोणी नोंद केली नाही. रान तेव्हा राखण्याची वस्तूच नव्हती.

ती कधी झाली, हे पाहायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यावे लागते. मुंबई बेट तेव्हा विहिरी, तळी आणि पखालींवर जगत होते. १८५०च्या दशकाच्या मध्यात पाऊस इतका दगा देऊन गेला की सरकारने शहरातली गुरे माहीमकडे हलवली आणि बाहेरून होड्यांनी, तसेच १८५३ साली सुरू झालेल्या आगगाडीने पाणी आणून विहिरींत ओतले. आगगाडी सुरू होऊन काही वर्षेही झाली नव्हती आणि तिला पाणक्याचे काम लागले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने साष्टीच्या डोंगरांतल्या, पुढे मिठी म्हणून ओळखल्या गेलेल्या नदीच्या खोऱ्यात तीन मातीचे बांध घालून तलाव करण्याची योजना मांडली. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६०मध्ये विहारचे पाणी ३२ इंची ओतीव लोखंडी नळातून शहरात उतरले. लहान मूल रांगत जाईल एवढा तो नळ. मुंबईला शहराबाहेरून नळाने मिळालेले हे पहिले पाणी. १८६४च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. म्हणजे नळ आला तेव्हाच तो अपुरा पडणार हे ठरले होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. धरण म्हणजे फक्त बांध नव्हे, बांधाच्या वरचा सगळा उतार. त्या उतारावर नांगर चालला तर माती तलावात येते. गोठा असला तर शेण येते. वस्ती असली तर सगळेच येते. विहारच्या पाण्याला सुरुवातीला गाळणीही नव्हती. जे पाणी न गाळता प्यायचे आहे, त्याची गाळणी म्हणजे त्याच्या भोवतीचा डोंगर. रान ही पाणीपुरवठ्याची यंत्रसामग्री झाली, नळ आणि झडपा जशा, तशीच. फरक एवढाच की तिला गंज चढत नव्हता.

तुळशीची गोष्ट हेच आणखी स्पष्ट करते. विहार पुरेना म्हणून शेजारच्या तासो नदीचे पाणी अडवून विहारमध्ये भर घालावी, असा आधी विचार होता. पण तुळशी उंचावर आहे. आजच्या नोंदींप्रमाणे विहारची भरून वाहण्याची पातळी ८०.१२ मीटर आणि तुळशीची १३९.१७ मीटर, म्हणजे जवळजवळ ५९ मीटरचा फरक. एवढ्या उंचीवरचे पाणी पंपावाचून मलबार हिलच्या माथ्यावर चढते. साहेबांचे बंगले नेमके तेथे होते, ही गोष्ट योजनेच्या आड आली नसणार. १८७९ साली तुळशी पुरा झाला आणि त्याला स्वतंत्र नळ मिळाला. दोन्ही तलावांचे पाणलोट मिळून पंचवीस-सव्वीस चौरस किलोमीटरचे होते. शहराच्या इतक्या जवळचा एवढा मोठा डोंगराळ तुकडा शेतीला, लाकडाला आणि घरबांधणीला बंद झाला, आणि पुढल्या शंभर वर्षांत तो उघडण्याची हिंमत कोणी केली नाही. ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांवर त्याच काळात रेल्वेच्या रुळांखालच्या पट्ट्यांसाठी, इमारतींसाठी आणि कोळशासाठी कुऱ्हाड चालत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या बंदीचे मोल कळते.

एखादी गोष्ट एका कारणामुळे झाली असे म्हटले की ते कारण नसते तर काय झाले असते, हे विचारणे भाग असते. इतिहासात असा प्रयोग करून पाहता येत नाही, पण येथे तो आपोआप झाला आहे. त्याचे नाव पवई. विहारच्या दक्षिणेला, डोंगराच्या एका सोंडेपलीकडे, १८९०च्या सुमारास तिसरा तलाव बांधला गेला. पाऊस तोच, खडक तोच, बांधणारेही तेच. फ्रामजी कावसजी बनाजी यांनी १८२९ साली कंपनी सरकारकडून घेतलेल्या पवई जहागिरीच्या मुलखात तो होता. पण पवईचे पाणी पिण्याच्या लायकीचे निघाले नाही आणि लवकरच ते सोडून दिले गेले. मग पवईची राखण करण्याचे कोणाला काय कारण? तो मासे गळाला लावणाऱ्या हौशी मंडळींचा झाला, पुढे भोवती कारखाने आले, १९५८मध्ये आयआयटी आली, आणि शतकाच्या शेवटी ते उंच खांबांचे, ग्रीक देवळांची आठवण करून देणारे मनोरे. आज पवईत मगरी आहेत आणि जलपर्णीही. विहार आणि पवई यांच्या मध्ये आयआयटीचा परिसर आहे. त्याच्या एका कुंपणापलीकडे बिबट्या, दुसऱ्या बाजूला वाहनांची रांग. एकाच डोंगराच्या पायथ्याची ही दोन भावंडे. एकाचे पाणी शहर प्यायले, दुसऱ्याचे नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही टाळण्याजोगे नाहीत. पहिला असा, की पवईची जमीन खासगी जहागिरीची आणि विहारची सरकारी, तेव्हा फरक मालकीचा आहे, पाण्याचा नव्हे. हे अर्धे खरे आहे. पण विहारचा उतार सार्वजनिक मालकीत इतका घट्ट राहिला तोच पाण्यासाठी. आणि सरकारी मालकीने जमीन वाचते असे असते तर मुंबईत आज कितीतरी मैदाने दिसली असती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे रान कायद्याने वाचले, असे वनखात्याचे आणि पर्यावरणवाद्यांचे म्हणणे. १९५०च्या मुंबई राष्ट्रीय उद्यान कायद्याच्या आधाराने येथे कृष्णगिरी उद्यान झाले. ते सुमारे २० चौरस किलोमीटरचे होते. आज उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि १९९६पासून त्याला संजय गांधींचे नाव आहे. कृष्णगिरी हे नाव आता फाटकाजवळच्या उपवनापुरते उरले आहे. या कायद्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण कायदा रान निर्माण करत नाही, असलेल्याला कुंपण घालतो. ठाण्याकडचे येऊर आणि खाडीपलीकडचे नागला हे भाग तलावांच्या पाणलोटाबाहेरचे आहेत, ते राखीव जंगल म्हणून वाचले, हे मान्यच करायला हवे. पण मुंबईच्या बाजूचा गाभा, म्हणजे रेल्वेच्या दोन मार्गांच्या चिमटीत सापडलेला भाग, उद्यान जाहीर होण्याआधी नव्वद वर्षे पाणीखात्याने धरून ठेवला होता. १९९५मध्ये अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली आणि १९९७मध्ये आदेश आला. ती अतिक्रमणे कोठे होती? मालाड, कांदिवली, मुलुंड, भांडुप अशा कडांवर. तलावांच्या काठी नाही. कायद्याच्या काठावर झोपड्या उभ्या राहिल्या, पाण्याच्या काठावर राहिल्या नाहीत. तरी अपवाद सांगून टाकावा: विहारच्या बाजूला १९७०च्या दशकात चित्रनगरी उभी राहिली, आणि त्याआधी १९४९ साली आरेची दूध वसाहत. शहरातले गोठे तेथे नेले ते शहराला स्वच्छ दूध मिळावे म्हणून. आरेची हिरवळही अशीच खाण्यापिण्याच्या कारणाने टिकली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

या युक्तिवादाला एक काळी बाजू आहे. राखलेले रान म्हणजे रिकामे केलेले रान. विहारच्या पाण्याखाली वस्तीची, भाताची जमीन गेली. ज्या वारली, कोकणा, महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांनी हे डोंगर शतकानुशतके वापरले, त्यांची लाकूडफाट्याची, मधाची, खेकड्यांची वाट आधी पाणलोटाच्या नियमाने आणि मग उद्यानाच्या नियमाने अरुंद होत गेली. रानात निसर्ग आणि माणूस वेगळे काढण्याची कल्पना त्यांची नव्हे. वाघोबाला ते देव मानतात, त्याच्याशी आपला व्यवहार ठरलेला आहे असे मानतात. आणि ‘धरण उशाशी, कोरड घशाशी’ ही म्हण कोठेही वापरली जाते, पण येथे ती शब्दशः खरी ठरली आहे: तलावांच्या जवळ असूनही काही पाड्यांना नळाच्या पाण्यासाठी दशकानुदशके वाट पाहावी लागली. सहलीला येणाऱ्याला जी शांतता हवीहवीशी वाटते, तिचा काही भाग असा कोणाच्या तरी हकालपट्टीतून आलेला आहे. हे सांगितल्याने माझा मुद्दा कमजोर होत नाही. पाण्याच्या गरजेने रान वाचवले, म्हणजे ती गरज दयाळू होती असे नाही.

आता शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत अस्वस्थ करतो. पाण्याचा हा पहारा अजून कशासाठी आहे? मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांत विहारचे २७,६९८ आणि तुळशीचे ८,०४६, दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. शहर आज वैतरणा, तानसा आणि भातसा यांच्या जिवावर जगते. शंभर किलोमीटरवरून पाणी येते. उद्या हिशेब करणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने अडीच टक्क्यांसाठी एवढी मोठी जमीन कशाला अडवायची असे विचारले, तर माझ्या युक्तिवादाप्रमाणे रानाचे कारणच संपते, आणि विहारची पवई होण्याचा रस्ता मोकळा होतो. काही जण म्हणतील, आता हवेसाठी, पुरासाठी, बिबट्यांसाठी कारणे आहेतच. आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी शहरात घुसली, आणि त्या नदीचा उगम विहारच्या सांडव्याशी आहे हे हजारो मुंबईकरांना तेव्हा प्रथमच कळले. पण पूर दहा-वीस वर्षांनी आठवतो, तहान रोज लागते. रोजच्या गरजेने जितका कडक पहारा बसतो तितका आठवणीने बसत नाही.

तूर्त तरी पहारा आहे. बहुतेक वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एका सकाळी वर्तमानपत्रात चौकटीतला छोटा मजकूर येतो, तुळशी तलाव भरून वाहू लागला; पाठोपाठ विहारचाही. शहराच्या गरजेत त्यांचा वाटा नगण्य आहे हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, छापणाऱ्यालाही. तरी बातमी येते, फोटोत पांढरे फेसाळ पाणी सांडव्याच्या पायऱ्यांवरून खाली येत असते, आणि मागे, चौकटीच्या कडेला, भिजून काळाशार झालेला डोंगर.